परगावचे भजन आणि नवख्याची जागा

एखाद्या गावात राहणे निराळे आणि त्या गावाचे होणे निराळे, हे समजण्यास पांडित्य लागत नाही. बिऱ्हाड मांडले, कागदोपत्री पत्ता बदलला, वाणी आणि दूधवाला नावाने हाक मारू लागला, की मनुष्य त्या गावात राहू लागला असे म्हणावयास हरकत नाही. परंतु तेवढ्याने तो तेथला झाला काय? आपल्या सभासद कुटुंबांतील कितीतरी मुलेमुली आज पोटापाण्यासाठी पुण्यास, बंगळुरास आणि समुद्रापलीकडे गेली आहेत. उलट लातूर, नांदेड, अकोला इकडची कुटुंबे आपल्या हैदराबादेत येऊन राहत आहेत. तेव्हा हा प्रश्न कोणा एकट्यादुकट्याचा नव्हे, घरोघरचा आहे.

त्यातूनच दुसरा एक प्रश्न निघतो. परक्या गावी गेलेल्याने तेथल्या गाण्याबजावण्यात, विशेषतः भजनात, शिरून आपली जागा मिळवावी, हे उचित आहे काय? कित्येकांना यात विचार करण्यासारखे काही वाटत नाही. परंतु असेही म्हणणारे आहेत की, भजन हे देवासाठी आहे, ओळखीपाळखी वाढविण्यासाठी नाही. एकटेपणा घालविण्यासाठी देवळात जाऊन टाळ हाती घेणारा मनुष्य देवाचा शिडीसारखा उपयोग करतो. हा आक्षेप आम्ही आमच्या घरातच ऐकला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या मंदिराच्या भजनी मंडळीत सध्या जो एक विचार चालू आहे, त्याच्याशीही त्याचा निकट संबंध आहे. पण त्याआधी एका लहानशा बंदराच्या गावाची हकीकत सांगितली पाहिजे.

ते गाव म्हणजे गोमंतकातील वास्को. ज्या खलाशाने 1498 साली कालिकतला गलबते आणली त्याचे नाव हे गाव आजही वागवीत आहे. 1961 साली पोर्तुगीज गेले, नाव राहिले. शेजारीच मुरगावचे बंदर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत बंदर आणि घाटावर चढणारा लोहमार्ग झाला, आणि तेव्हापासून हे गाव बाहेरून येणाऱ्यांच्या आधारावरच वाढत गेले. या गावी आम्ही दोन वर्षे, माल सोडवून देणाऱ्या एका कचेरीत चलनांची नोंद ठेवण्याच्या कामावर होतो. जहाज लागले की रात्रीचा दिवस, जहाज नसले की रिकामपण. खिडकीच्या गजांवर कोळशाची काळी धूळ आणि खोलीत आम्ही एकटे. बंदराच्या गावात परक्या माणसाचे कोणास नवल वाटत नाही. कोणी आडवे येत नाही आणि कोणी थांबवूनही घेत नाही. आपल्या जामबागेत नवा भाडेकरू आला तर तिन्हीसांजेच्या आत त्याचे गोत्र आणि गाव साऱ्या आळीस कळते. हा चौकसपणा पुष्कळदा त्रासाचा असतो खरा, पण त्याचा अभाव किती सोसवेनासा होतो हे वास्कोस कळले.

त्या गावचे दैवत श्री दामोदर. मूळ स्थान जांबावली येथे, कुशावती नदीच्या काठी. तेही खरे मूळचे नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळे पाडण्यास आरंभ केला, तेव्हा मडगावच्या लोकांनी आपला देव उचलून जांबावलीस नेला. म्हणजे देव स्वतःच परगावी जाऊन राहिलेला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वास्कोत प्लेगाची साथ आली, तेव्हा तेथील लोक जांबावलीस जाऊन देवाला शरण गेले, तेथून श्रीफळ घेऊन आले आणि त्याची स्थापना करून अखंड भजन केले, असे तेथे सांगतात. तेव्हापासून आजवर प्रतिवर्षी श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, जुन्या श्रीफळाच्या जागी नवे ठेवून चोवीस तासांचे अखंड भजन होते. जुने श्रीफळ समुद्रात विसर्जन करतात. नाव मात्र भजनी सप्ताह. एका अहोरात्रास सप्ताह का म्हणतात, असे आम्ही एका वृद्ध गृहस्थास विचारले, तेव्हा ते म्हणाले, "जागून पाहा, मग कळेल." जत्रा मात्र पुढे कित्येक दिवस चालते.

त्या भजनात प्रथम आम्ही बसलो तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. गोमंतकात घराघरातली भाषा कोकणी. बाजारात दोघे जण बोलू लागले की आम्हास निम्मे कळे, निम्मे तर्काने जुळवावे लागे. परंतु देवळात पखवाजावर थाप पडली आणि तुकोबांचा अभंग सुरू झाला, तो शब्दन् शब्द आमचा! ज्या गावची बोली कळत नाही त्या गावाने आपल्या आजीच्या तोंडचा अभंग म्हणावा, याचा परिणाम मनावर काय होतो हे परगावी राहिलेल्यासच कळेल. डोळे भरून आले, असे लिहिण्याचा प्रघात आहे. आमचे भरून आले नाहीत, पण आम्ही मांडी मोडून नीट घालून बसलो. उठून जाण्याचा विचार त्यानंतर मनात आला नाही.

येथेच नवख्याच्या वाटेतील पहिला खळगा आहे. शब्द आपले म्हणून भजनही आपले, असे त्याला वाटू लागते. आमच्याबरोबर कचेरीतील एक सोबती होता, देशावरचा, गळ्याने चांगला. तिसऱ्या अभंगास त्याने आमच्या कानाशी लागून सांगितले की, ही चाल शुद्ध नाही, आमच्याकडे अशी म्हणत नाहीत. पुढच्या खेपेस त्याने ते बुवांनाही सांगितले. बुवांनी ऐकून घेतले, पुढील अभंग त्यालाच म्हणावयास लावला, सर्वांनी साथही केली. इतके सौजन्य आम्ही फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. पण त्यानंतर तो पुन्हा आला नाही. आपण एकदा म्हणून दाखविले, आता तेथे काही उरले नाही, असे त्यास वाटले असावे. त्याच्या म्हणण्यात खोटे काहीच नव्हते. त्याच्याकडे तो अभंग तसा म्हणत नसतील. परंतु अभंग ही देशावरच्या माणसाची वतनी जमीन आहे, असे तो समजत होता. वस्तुतः सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर मराठी माणसे तंजावरास गेली आणि आज तामिळ गायक आपल्या भजनपद्धतीत अभंग म्हणतात. नामदेवांची साठाहून अधिक पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत, आणि पंजाबातील घुमान गावी, जेथे 2015 साली मराठी साहित्य संमेलन भरले होते, तेथील लोक नामदेवांना आपल्याच गावचे मानतात. त्यांना कोणी जाऊन चाल दुरुस्त करण्यास सांगत नाही.

नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे, हा क्रम आम्ही लहानपणी पाठ केला होता. त्यातील शहाणपण आम्हास वास्कोत जाणवले. परक्या गावच्या भजनात नवख्याचा पहिला धर्म ऐकण्याचा. किती दिवस ऐकावे, याचे माप नाही. येथली लय कोठे वाढते, धृपद किती वेळा घेतात, बुवांनी हात उचलला म्हणजे थांबायचे की दुगुणीत जायचे, हे अंगवळणी पडेपर्यंत ऐकावे. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो येथे तोच आणि तेथेही तोच. परंतु त्या आठ मात्रांत प्रत्येक गाव आपल्या परीने श्वास घेते.

आता आक्षेपाकडे वळू. आम्ही भजनास गेलो ते देवासाठी की सोबतीसाठी? प्रामाणिकपणे उत्तर द्यावयाचे तर, पहिल्या दिवशी सोबतीसाठी. मग ते ढोंग झाले काय? आमचे शिक्षण शाळेपुरतेच. शास्त्रार्थ करणे हे जाणत्यांचे काम. तथापि गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी आपणास भजणाऱ्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. यांतील ज्ञानी श्रेष्ठ म्हटला आहे हे खरे. परंतु संकटात सापडला म्हणून आलेला आणि काही हवे म्हणून आलेला, या दोघांचीही गणना तेथे पुण्यवंतांत केली असून चौघांनाही उदार म्हटले आहे. ज्यास परगावी संध्याकाळ खावयास उठते, तो आर्त नव्हे तर कोण? त्याला दारातून परत पाठविण्याइतके कडक गीताही नाही. मग आपण का असावे?

वडिलांपुढे आम्ही हे म्हणणे मांडले, तेव्हा त्यांनी निराळाच मुद्दा काढला. ते म्हणाले, "येण्याचे कारण कोणी विचारू नये. राहण्याचे कारण मात्र ज्याचे त्याने स्वतःला विचारावे." ते पुजारी असल्यामुळे रोज नाना कारणांनी येणारी माणसे पाहतात: परीक्षा आहे म्हणून येणारी, दावा आहे म्हणून येणारी, केवळ प्रसादासाठी येणारी मुले. त्यांचे म्हणणे असे की, सोबत मिळाल्यावरही जो येत राहतो, त्याची पहिली गरज सरली असून दुसरी काहीतरी उत्पन्न झालेली असते. तिला नाव देण्याची घाई करू नये.

हे आम्हास पटते. पण त्यात आणखी एक गोष्ट मिळविली पाहिजे, आणि ती आम्हास सर्वांत महत्त्वाची वाटते. अखंड भजनाची घडणच अशी आहे की, त्यास नवख्याची गरज लागते. आपल्या मराठवाड्यातील नामसप्ताह ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वीणेचा पहारा ठाऊक आहे. सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नाही. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालावी, त्याने तिसऱ्याच्या. दिवसा हौशी पुष्कळ असतात. खरी कसोटी रात्री दोन ते चार. त्या वेळी गळा कसा आहे हे कोणी विचारीत नाही, उभा राहू शकतोस का एवढेच विचारतात. वास्कोतही तीच स्थिती. संध्याकाळी नामांकित गायकांची दाटी, मांडवात पाय ठेवण्यास जागा नाही. उत्तररात्री मंडप विरळ होतो, जाणते लोक खांबाला टेकतात, पखवाजवाल्याच्या बोटांना पट्ट्या बांधलेल्या दिसतात, आणि भजन तर तुटता कामा नये. तशा एका वेळी कोणीतरी, न पाहताच, आमच्या हातात टाळ ठेवले. आम्ही कोण, कोठले, आमचा स्वर कसा, काही नाही. रिकामे हात होते, त्यांत टाळ आले.

त्या दोन तासांत आम्ही काही गायिलो असे म्हणता येणार नाही. ठेका धरला आणि धृपद उचलले, इतकेच. परंतु दुसऱ्या दिवशी बंदराच्या फाटकावर एका अनोळखी माणसाने "काल शेवटपर्यंत होता ना?" असे विचारले. दोन वर्षांत त्या गावाने आम्हास विचारलेला तो पहिला प्रश्न, ज्यात कामाचा संबंध नव्हता.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, गायनामुळे मनुष्य गावाचा होतो, हे म्हणणे सर्वस्वी बरोबर नाही. ज्या गायनात त्याच्याकडे काही सोपविलेले असते, त्यानेच तो गावाचा होतो. तिकीट काढून बैठक ऐकणे हा उत्तम संस्कार आहे, परंतु त्यात आपण न गेलो तर कोणाचे काही अडत नाही. याचे उलट उदाहरण आपल्याच शहरात आहे. पंडित मोतीराम हे मूळचे हरियाणाकडील गायक. 1934 साली त्यांचे देहावसान आपल्या हैदराबादेत झाले, त्या वेळी त्यांचे पुत्र जसराज अवघे चार वर्षांचे होते. पुढे पंडित जसराज सर्व जगभर गाजले, पण 1972 पासून वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी येथे प्रतिवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस संगीत समारोह भरविला, तो दशकानुदशके चालविला, आणि वर्षास एकदा वडिलांच्या समाधीशी येत राहिले. 2020 साली ते अमेरिकेत निवर्तले. या शहरात त्यांचे घर होते की नव्हते याची चौकशी कोणी केली नाही. ते येथलेच असे सर्व जण समजत. एवढा मोठा गायकदेखील केवळ गाऊन येथला झाला नाही. त्याने वर्षाचे एक काम स्वतःकडे घेतले होते.

वास्कोच्या सप्ताहात हीच गोष्ट अधिक ठसठशीत दिसते. रात्री निरनिराळ्या धंद्यांची व समाजांची मंडळी वाजतगाजत, भजन करीत, देखावे घेऊन देवळाकडे येतात. त्यांस तेथे 'पार' म्हणतात. प्रत्येक पाराचा खर्च, तयारी आणि मान त्या त्या मंडळींचा. बाहेरून आलेला धंदा गावात रुजला की त्याला हळूहळू पार मिळतो. गावाने त्यास आपले म्हटले याची ती पावती, आणि पावतीबरोबर येणारा वार्षिक बोजाही. फुकट मिळालेले आपलेपण आम्ही कोठे पाहिले नाही.

गोमंतकात भजनाच्या स्पर्धाही मोठ्या होतात. तेथील कला अकादमी मनोहरबुवा शिरगावकरांच्या नावाने पुरुष, महिला आणि बालकलाकार अशा तिन्ही गटांची स्पर्धा भरविते, आणि तिच्यामुळे गावोगावी पखवाज व हार्मोनियम शिकणारी मुले तयार झाली, विशेषतः स्त्रियांची भजनी पथके उभी राहिली, हे नाकबूल करणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र स्पर्धेसाठी जेथे तालमी चालतात तेथे नवख्यास दाराशी बसून ऐकावे लागते. बसविलेल्या भजनात प्रत्येकाची जागा आधी ठरलेली असते. यात दोष कोणाचा नाही. परंतु ज्या गावात केवळ स्पर्धेचे भजन उरले, तेथे रात्री दोन वाजता रिकाम्या हातांत टाळ ठेवणारा कोणी असणार नाही.

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. भजनाने उघडलेले दार किती आतपर्यंत नेते? वास्कोत सप्ताहाच्या दिवसांत शेकडो माणसे रस्त्याच्या दुतर्फा दुकाने मांडतात: खाजे, लाडू, खेळणी, भांडी, बांगड्या. त्यांतील पुष्कळ परप्रांतीय. बंदरावर ओझी वाहणारे, कर्नाटकातून आणि आपल्या तेलुगू मुलुखातून आलेले लोकही तेथे वर्षानुवर्षे आहेत. ते सप्ताह पाहतात, नमस्कार करतात, मुलांस खाजे घेऊन देतात. त्यांच्यापैकी किती जण मांडवात टाळ घेऊन बसलेले आम्ही पाहिले? फार थोडे. आम्हास मराठी अभंग येत होता, कपडे कचेरीचे होते, आणि आडनाव विचारले असते तर ते अडचणीचे नव्हते. आमच्या हातात टाळ आले त्यात या गोष्टींचा काहीच वाटा नसेल, असे आम्ही म्हणू शकत नाही. शिवाय मांडवात शेजारी बसवून घेणारा गृहस्थ आपली खोली भाड्याने देताना चार प्रश्न अधिक विचारतोच. गाण्याने माणसे जवळ येतात, हे वाक्य व्यासपीठावर गोड लागते. परंतु गाणे थांबल्यानंतर ती किती वेळ जवळ राहतात, हेही पाहिले पाहिजे. त्याच गावात चर्चच्या फेस्ताला बँड वाजतो, तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकत असू. सूर आवडत, पण तेथे आमच्या हाती द्यावयास कोणाजवळ काही नव्हते आणि आम्हीही पुढे झालो नाही. प्रत्येक गाण्यात प्रत्येकास जागा असतेच असे नाही, हेही समजून घ्यावे लागते.

म्हणून भजनाचा महिमा वाढवून सांगण्याची आमची इच्छा नाही. भजन घर देत नाही, काम देत नाही, जातीपातीच्या भिंती पाडीत नाही. ते एवढेच करते की, एका रात्रीपुरती तुझ्यावाचून अडले आहे असे परक्या माणसाला वाटण्याची सोय करते, आणि हे वाटणे त्या रात्रीपुरते खरेही असते.

आता आपल्या मंदिराविषयी. आपले वाडवडीलही येथे परकेच होते. कोणी निजामाच्या कारभारात लेखनिक म्हणून आले, कोणी वकिलीसाठी, कोणी शाळामास्तर म्हणून. 1907 साली विवेकवर्धिनीची स्थापना झाली तीही या परगावी रुजू पाहणाऱ्या लोकांच्या खटपटीतूनच. 1956 च्या नोव्हेंबरात राज्ये नव्याने आखली गेली, मराठवाडा तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. न हलताही मनुष्य परगावी कसा जातो, याचा अनुभव आपल्या वडीलधाऱ्यांनी घेतला आहे. त्या काळात एकादशीचे भजन हाच अनेक घरांचा आधार होता, हे मंडळीतील वृद्धांकडून आपण सर्वांनी ऐकले आहे.

सध्या मंडळीपुढे असा प्रस्ताव आहे की, एकादशीच्या भजनात पुढे निवडक शिकलेल्यांनीच बसावे, टाळ त्यांच्याच हाती असावेत, आणि इतरांनी मागे बसून श्रवण करावे. प्रस्ताव मांडणाऱ्यांविषयी आम्हास आदर आहे. त्यांचा त्रास खोटा नाही. चुकीचा टाळ कानात खुपतो, लय ओढली जाते, चांगला गाणारा हिरमुसतो. आता भजनाचे चित्रमुद्रण होऊन ते परदेशी असलेल्या मुलांपर्यंत जाते, तेव्हा ते नीटनेटके असावे, ही अपेक्षाही रास्त आहे. आम्ही स्वतः श्रवणाचा महिमा वर गायिला आहे. तेव्हा मागे बसून ऐका असे कोणी म्हटले, तर त्यास आम्ही एकदम नाही म्हणू शकत नाही.

परंतु मागे कोण बसेल याचा विचार व्हावा. हायटेक सिटीकडे राहणारी ती नवी कुटुंबे, जी तासभर प्रवास करून एकादशीस येतात आणि आरती होताच निघून जातात. त्यांना आपण नावाने ओळखत नाही, आणि त्यांच्या हाती काही दिले नाही तर पुढेही ओळखणार नाही. आणि दाराशी बसणारी ती फूलवाली. जामबागेचा घाऊक बाजार गुडीमलकापुरास गेल्यावरही जिने आपली टोपली येथून हलविली नाही, ती तेलुगू बाई गेली कित्येक वर्षे भजनास येते. अभंगांचा अर्थ तिला कळत नाही, हे ती स्वतःच सांगते. धृपद मात्र ती एकही चुकत नाही, आणि आम्हांपैकी पुष्कळांहून तिची टाळी ठेक्यास घट्ट असते. तिला निवड चाचणीस बसवावयाचे काय? श्रवण हे नवख्याने आपण होऊन पत्करावयाचे व्रत आहे; ते त्याच्यावर घातलेले कलम झाले की त्याचा अर्थ पालटतो.

आमची सूचना अशी आहे. वर्षातील एक दोन मोठ्या प्रसंगी, ज्यांचे मुद्रण होते तेव्हा, शिकलेल्यांनी पुढे बसावे. त्यात कोणाचा अपमान नाही. परंतु बाकीच्या एकादशांना भजन रात्री उशिरापर्यंत चालू ठेवावे, आणि दहानंतरचा भाग सर्वांचा असावा. तेव्हा थकलेल्या जाणत्याने शेजारच्याच्या हातात टाळ द्यावे, मग तो शेजारी कोणी का असेना. ठेका ओढला गेला तर पखवाजवाले सांभाळून घेतील, त्यांनी आजवर आम्हा मुलांचे कमी सांभाळलेले नाही. ज्यांना खरोखर शिकावयाचे आहे, त्यांच्यासाठी रविवारी सकाळी तासभर बसण्यास आमची तयारी आहे. आणखी दोघांनी होकार दिला आहे.

मंडळीची बैठक येत्या पौर्णिमेस आहे. तोपर्यंत एक किरकोळ काम उरकून घ्यावे लागेल. मंदिरातील पेटीत टाळांचे चौदा जोड आहेत, पैकी पाचांच्या दोऱ्या कुजल्या आहेत आणि एका जोडाची एकच वाटी शिल्लक आहे. दोऱ्या आम्ही आणून ठेवू. ज्यांच्या घरी जुनी सुटी वाटी पडून असेल, त्यांनी ती मंदिरात पोहोचवावी.